दारातली बाई

मी, या घराची मालकीण, पेशाने दातांची डॉक्टर, आता निवृत्त, आणि या वयातही कला-इतिहास व आशियाई साहित्य विभागाची विद्यार्थिनी, हे सगळं माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शरीराचा भरवसा डॉक्टर देत नाहीत आणि मीही देत नाही, पण डोक्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी पाच मिनिटं वाद घालून बघावा. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही, आणि गुंगीची गोळी आज सकाळी मी मुद्दाम घेतलेली नाही, त्यामुळे पाठ ठणकते आहे. याआधीचं मृत्युपत्र मुलाच्या कपाटात आहे. ते आजपासून रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासह, माझ्या मुलाला मिळावं. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागची खोली माझ्या लेकीची होती. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. आणि बाईसाहेबांनी शिकायला विषय घेतला तो असा, की दिवसदिवस एका चित्रासमोर बसून राहायचं! ती सत्ताविसाव्या वर्षी तापाने गेली. आठवडाही पुरा झाला नाही. तिच्या खोलीचं संग्रहालय करून ठेवू नये. मी करून पाहिलं आहे, त्याचा काही उपयोग होत नाही. भिंतींना रंग द्यावा आणि माझ्या नातीचा पलंग तिथे लावावा.

कलम २. दवाखान्यातली खुर्ची, दिवा आणि सगळी हत्यारं माझ्या जागी आलेल्या धाकट्या डॉक्टरांना द्यावीत. माणूस हुशार आहे, हातही हलका आहे, पण पेशंटने तोंड उघडलं की स्वतः बोलत सुटतो. समोरच्याला उत्तर देता येत नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. हे वाक्य त्याला वाचून दाखवावं.

कलम ३. माझे दागिने सूनबाईला. मी पुन्हा कॉलेजात जायला लागले तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. ती एकटी रोज संध्याकाळी विचारायची, "आई, आज काय वाचलंत?" आणि विचारून झालं की खरंच ऐकत बसायची.

कलम ४. माझ्या धाकट्या दिरांना यातलं काहीही देऊ नये. आणि का, हेही त्यांना सांगावं. लेक गेल्यावर भेटायला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून ते म्हणाले होते, "त्यातल्या त्यात बरं, लग्न झालेलं नव्हतं." मी आत पाणी आणायला गेले होते. मी ऐकलं. आजवर बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

आता मुख्य गोष्ट. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात एवढं सांगायची गरज नसते हो." मला आहे. कारण पुढच्या दोन कलमांवरून घरात वाजणार हे मला दिसतं आहे, आणि तेव्हा मी भांडायला नसेन.

भिंगरी एका जुन्या कागदी गुंडाळीवर प्रबंध लिहीत होती. पूर्वेकडच्या एका देशातली गोष्ट, ताव एकापुढे एक चिकटवून लांबच लांब केलेली, थोडा मजकूर मग चित्र, पुन्हा मजकूर पुन्हा चित्र. एक बाई घर सोडून जाते आणि पुष्कळ हिंडते, अशी कथा आहे. शेवटचा मजकूर हरवलेला आहे, त्यामुळे पुढे तिचं काय होतं ते कोणाला माहीत नाही. मधल्या काळात गुंडाळीचे जोड सुटले आणि कोणीतरी ताव अंदाजाने परत चिकटवले. त्यातल्या एका तावावर ती बाई दारात उभी आहे. एक हात चौकटीवर, तोंड केसांनी झाकलेलं. आत येते आहे की बाहेर पडते आहे, चित्रावरून सांगता येत नाही. आज तो सुरुवातीला चिकटवलेला आहे आणि जाणकारांनीही तो पहिलाच मानला होता, म्हणजे बाई घरातून निघते आहे. माझ्या लेकीचं म्हणणं होतं की तो शेवटचा आहे. बाई परत आली आहे.

तिच्याकडे पुरावे होते, उगाच पोरकटपणा नव्हता. अंगणातलं झाड इतर सुरुवातीच्या चित्रांत पानांनी भरलेलं आहे, दाराच्या तावावर उघडं आहे. बाईच्या वस्त्राची किनार विरलेली आहे. तिने यावर पानंच्या पानं लिहिली होती. पण मूळ गुंडाळी तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती, छापील फोटोंवरच तिचं काम चालू होतं. बघायची परवानगी मिळाली, जायचं ठरलं, आणि मध्येच हे झालं.

ताप यायच्या आधीच्या रविवारी ती जेवताना याच बाईबद्दल तावातावाने बोलत होती. मी म्हटलं, "अगं, आली काय नि गेली काय, कागदावरची बाई ती, काय फरक पडतो?" ती हसली. म्हणाली, "जाऊ दे आई, तुला नाही कळणार." रागाने नाही म्हणाली. पण तेच वाक्य माझ्याकडे राहिलं.

म्हणून मी शिकायला गेले. लोकांना वाटलं, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. मुलगा म्हणाला, "आई, अगं गाण्याचा क्लास लाव, फिरायला जा, हे काय मध्येच?" मी दवाखाना अर्धा दिवस केला आणि त्या भाषेची अक्षरं गिरवायला बसले, पहिलीतल्या पोरीसारखी. वर्गातली मुलं आधी मला मॅडम म्हणायची, मग मावशी, आणि परीक्षा जवळ आली की "मावशी, नोट्स द्या ना!" आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळ्यांना एक काम देतात. एका चित्रासमोर अख्खी दुपार बसायचं आणि फक्त जे दिसतं ते लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही. मी तीनदा नापास झाले. दरवेळी शिकवणाऱ्या बाई लाल शाईने लिहायच्या, "हे तुम्हाला वाटतं. दिसतं काय?" खूप वर्षं गेली त्यात. पण शेवटी लेकीचा प्रबंध मी तिच्या मार्गदर्शक बाई वाचतील तसा वाचू शकले. प्रत्येक तळटीप समजली. आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! पोरगी काय सुंदर लिहायची!

मग मी ती गुंडाळी बघायला तिकडच्या संग्रहालयात गेले. तिचं खरं करून दाखवायला गेले होते, हे सगळ्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

गुंडाळीला कधीकाळी कीड लागली होती. छापील फोटोंत कडा कापलेल्या असल्यामुळे ते दिसत नाही. गुंडाळलेला कागद किडा आरपार पोखरतो, त्यामुळे उलगडल्यावर तेच भोक पुन्हा पुन्हा दिसतं. बाहेरचे वेढे मोठे, म्हणून तिथली भोकं एकमेकांपासून लांब लांब. आतले वेढे लहान, म्हणून शेवटाकडे ती जवळ जवळ येत जातात. कुठला ताव कुठला, ते यावरून कळतं. मी जन्मभर भोकंच पाहिली आहेत, मला ती शोधावी लागत नाहीत. दाराच्या तावावरची भोकं लांब लांब होती. तो बाहेरचा ताव होता, सुरुवातीचा. बाई निघाली होती. परत आलेली नव्हती.

मी पट्टी ठेवून पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. तिथल्या देखरेखीच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "डोळ्यांत काहीतरी गेलं." कागदापासून लांब होऊन मग रडले, कारण त्या कागदावर पाणी पडून चालत नाही.

परत आल्यावर मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्यांनी माझी मोजमापं एकदा तपासून पाहिली. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच शंका होती. म्हटलं, प्रत्यक्ष पाहिलं की तिचं तिलाच कळेल. आणि नंतर... नंतर कसं बोलणार होते मी?" त्यांचा माझ्या मुलाशी एक बेत ठरला होता. भिंगरीचा प्रबंध आहे तसा, तिच्या फोटोसकट, तिच्या आठवणीसाठी छापायचा. मी मुलाला म्हटलं, "अरे, त्यात चूक आहे." तो म्हणाला, "असू दे ना आई, कोण वाचणार आहे?"

माझ्या मुला, तू मनाने चांगला आहेस. तुझी बहीण गेली तेव्हा तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचास, ते मला माहीत आहे. पण हे वाक्य मी तुला माफ करू शकलेले नाही. ती लोकांनी वाचावं म्हणून लिहीत होती. तिच्याशी कोणी भांडावं, खोडून काढावं, मग तिने दुप्पट जोराने उत्तर द्यावं, यासाठी तिची सगळी धडपड होती. ती गेल्यापासून सगळे तिला नुसतं छान म्हणतात. तिचं म्हणणं कोणी खोडलं नाही, कारण कोणी ते खरं समजून वाचलंच नाही. मी वाचलं. मग माझा स्वतःचा प्रबंध मी तिच्या विरुद्ध लिहिला, तिचं नाव घेऊन, एकेक मुद्दा घेऊन. लिहिताना ती समोर बसली आहे आणि माझ्यावर ओरडते आहे असं वाटायचं. ती जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात तेवढे महिने माझे बरे गेले.

कलम ५. भिंगरीचा प्रबंध एकटा छापू नये. तिचा आणि माझा, दोन्ही एकाच पुस्तकात यावेत. आधी तिचा, एक अक्षरही न बदलता, मग माझा. तिचा फोटो घालू नये, शोकाची प्रस्तावना घालू नये. मार्गदर्शक बाईंना काही लिहायचं असेल तर त्यांनी शेवटी लिहावं, आणि कोणाचं पटलं आणि का, एवढंच लिहावं. मला पदवी मिळायच्या आत माझं बरंवाईट झालं, तर दयेपोटी ती कोणी देऊ नये.

कलम ६. दवाखान्याचा गाळा मुलाला मिळणार नाही. त्याला तो अपेक्षित होता, हे मी जाणते. त्याने वाईट वाटून घ्यावं, पण कोर्टात जाऊ नये. गाळा भाड्याने द्यावा आणि त्या उत्पन्नाचा विभागाच्या नावे निधी करावा. व्यवस्था मार्गदर्शक बाईंनी आणि वकीलबाईंनी मिळून पाहावी.

हा निधी कशासाठी, ते स्पष्ट लिहिते. माझ्या म्हणण्यात एक जागा कच्ची आहे. कीड लागली तेव्हा ताव मूळ क्रमाने होते असं मी धरलं आहे. पण ताव चुकीच्या जागी चिकटवल्यानंतर जर कीड लागली असेल, तर ती भोकं त्या चुकीच्याच क्रमाची साक्ष देतात, आणि माझा सगळा डोलारा कोसळतो. आधी कीड की आधी डिंक, हे त्या जोडाच्या पाठीमागून दिसेल. पाठीमागे जाड अस्तर लावलेलं आहे, ते काढायला संग्रहालय आज तयार नाही. मी हात जोडून विचारलं, नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण अस्तर जुनं झालं आहे, दुरुस्तीसाठी कधीतरी ते काढावंच लागेल. माझ्या आयुष्यात नाही.

ते निघेल तेव्हा विभागाची कोणी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी तिथे हजर असावा, त्याच्या जाण्यायेण्याचा आणि शिकण्याचा खर्च या निधीतून व्हावा. त्याने मला वाटतं ते किंवा भिंगरीला वाटलं ते बघू नये, दिसतं ते बघावं. माझं खरं निघालं तर तसं छापावं आणि निधी पुढच्या मुलांच्या शिक्षणाला वापरावा. मात्र मी चुकले आणि माझ्या लेकीचं बरोबर होतं असं जो कोणी निःसंशय दाखवून देईल, त्याला हा गाळा कायमचा, मालकी हक्काने मिळावा. मी वाद हरण्याला इतकी मोठी किंमत लावली म्हणून वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा तुम्ही."

तसं झालं तर मला कळवायला कोणी येऊ शकणार नाही. म्हणून त्या मुलीने किंवा मुलाने या घरी यावं. माझा मुलगा नाहीतर नात, जे कोणी दार उघडेल, त्यांना आत बोलावून बसवायला मी सांगून ठेवलं आहे. बाकी काही समजावत बसू नये. ती परत आली, एवढंच सांगावं.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

लिहून ठेवणारी: (सही)

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिलं. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार पहिला: त्यांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे (सही)

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: सहीखाली घातली आहे, तीच.