अंगी लागलेले चार किलो

प्रिय धाकटे,

सोमवारी दुकान उघडलं. दोन फ्रॉक आणि एक कोट शिवून दिला. हात चालतात. रडू येत नाही. शेजारच्या काकू रोज डोकावून जातात, रडू आलंय का बघायला. तुझ्याशी फोनवर बोलले, पण सगळं बोलले नाही.

इस्पितळातून बाबांना घरी आणलं तेव्हा ते चौपन्न किलो होते. जन्मभर टपालाची पिशवी खांद्यावर वागवलेला माणूस, अंगावर नुसती हाडं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं. मी एक दिवस चुकवला नाही. चौपन्न, पंचावन्न, आणि आठवडाभरात अठ्ठावन्न. जेमतेम दोन घास खायचे, तरी मला वाटलं, माझ्या हातचं अंगी लागलं. बाबाही पोटावरून हात फिरवत म्हणाले, "शेटजी झालो की गं मी." मी त्यांच्या विजारी उसवून कमरेत सैल करून दिल्या.

मोज्यांचे वळ पायांवरून तासन्‌तास जायचे नाहीत. चपला होईनात, म्हणून मोठ्या आणल्या. शर्टाच्या बाह्या मात्र तशाच लोंबत होत्या. तीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी. कंबर वाढते आणि दंड वाळतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला हवं तेवढंच दिसलं.

नवव्या दिवशी त्यांना आडवं होता येईना, धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. म्हणाल्या, हे मांस नाही, पाणी आहे; हृदय थकलं की अंगात साठतं. मग विचारलं, "गुडघ्यांसाठी काही देत होता?" देत होते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेली दुखण्यावरची गोळी, दिवसातून दोनदा. ते कण्हायचे, मला बघवायचं नाही. तीच गोळी अंगात पाणी धरून ठेवते, हे मला तेव्हा कळलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लघवीच्या औषधाने चार दिवसांत पाणी उतरलं आणि काटा एक्कावन्नवर आला. म्हणजे मी खूश होते तेव्हाही ते आतल्या आत झिजतच होते. पाचव्या दिवशी दुपारी, मी उशीची खोळ बदलत असताना गेले.

इस्पितळाच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं, तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास कळवा. मी वाचलं होतं. वाढलं म्हणजे चांगलंच, असं धरून चालले, आणि डॉक्टरांना नाही, तुला कळवलं. बाबा सुधारलेत, घाई करू नकोस, असं मीच म्हणाले, म्हणून तू तिकीट रद्द केलंस. आता तू सगळ्यांना सांगतेस, मीच यायला टाळाटाळ केली. तसं सांगू नकोस. तू निघाली होतीस. तुला मी थांबवलं.

राग आला तरी तुझीच,
ताई