रेवाच्या डोळ्यांचा ठेका

९ नोव्हें.
सकाळी गच्चीवर उन्हात नातीला घेऊन बसलो. रेवा, पाच महिन्यांची. चौथीतली कविता म्हटली, गुरुजी म्हणवून घेत तशीच, हात हलवत. तिचे डोळे इकडून तिकडे, बारीक, भराभर. ठेका धरते पोरगी! आमच्या हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, "तुमच्यासारखीच येडी निघाली जी." दिवसभर खुशीत होतो.

१४ नोव्हें.
लस. तिथल्या डॉक्टरांनी रेवाच्या डोळ्यांपुढे टॉर्च धरला. पुन्हा धरला. मी ठेक्याची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

१७ नोव्हें.
धंतोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई शांत बोलल्या. डोळे एका जागी ठरत नाहीत. कधी हे नुसतंच असतं, मूल तसंच मोठं होतं, बऱ्यापैकी दिसतंही. कधी डोळ्यामागच्या नसेत काही असतं. कधी मेंदूत. एमआरआय केला तर कळेल, पण भूल द्यावी लागेल. ठरवा तुम्ही, फार रेंगाळू नका.
परत येताना सीताबर्डीच्या सिग्नलला रेवा दिव्यांकडे बघत होती. बघत होती ना?

१८ नोव्हें.
जेवताना सुरू झालं. मुलगा, निखिल, म्हणाला, "एवढ्याशा जिवाले भूल? थांबू ना दोन-तीन महिने. नुसतंही असू शकते म्हणाल्या त्या."
सूनबाई : "आणि नुसतं नसलं तर?"
"तू वाईटच काहून पाहून राहिली, श्रुती?"
"तू पाहूनच नाही राहिला म्हणून!"
ही मधे पडली. "हळू बोल वं, पोरगी दचकते." मग हिनं मीठ-मोहरी उतरवून शेगडीत टाकली. एरवी असल्या गोष्टींवर तोंड वाकडं करणारी श्रुती, आज स्वतः रेवाला घेऊन पुढे उभी राहिली.

२० नोव्हें.
दुपारी रेवाजवळ एकटाच. कविता सुरू केली आणि अर्ध्या ओळीत थांबलो. मुद्दाम. रामटेकच्या शाळेत गुरुजी असेच थांबत. उरलेली ओळ सगळा वर्ग म्हणे, छपरावरची कबुतरं उडत.
डोळे थांबले नाहीत. पुढची ओळ अगदी संथ म्हटली. तरी तसेच, भराभर. म्हणजे कवितेचा काही संबंधच...
मी गप्प झालो तर तिनं हात वर केला, चाचपडत माझ्या ओठांवर ठेवला.

२२ नोव्हें.
निखिल म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतो." त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. मलाही तेच म्हणायचं होतं, थांबू या म्हणून.
"करून टाका एमआरआय," म्हणालो.
तो उठून बाहेर गेला. श्रुतीनं माझ्या ताटात पोळी वाढली. पोट भरलं होतं. खाल्ली.

२६ नोव्हें.
उद्या सकाळी एमआरआयला न्यायचं होतं. रेवाला कालपासून शिंका, नाक वाहतं. निखिलनं फोन लावला. तिकडून म्हणाले, सर्दीत भूल देता येत नाही, बरी झाली की आणा.
घर एकदम मोकळं झालं. हिनं भजी तळली. निखिल लेकीला म्हणाला, "वा गा माझ्या वाघा, बापाची बाजू घेतली!" सगळेच हसलो, श्रुतीसुद्धा. मग तीच थांबली. "आपण हसून काहून राहिलो?"
भजी तशीच गार झाली.
दिवेलागणीला देवासमोर बसलो. रेवाची सर्दी लवकर बरी कर, असं म्हणायला गेलो, शब्द पुढे सरकेना. नको करू, असं तरी कसं म्हणू.
आत ही सहाणेवर वेखंड उगाळते आहे, रेवाच्या छातीला लावायला.