चालचलन चांगले

४ फेब्रुवारी १९५८

पासपोर्टच्या फॉर्मवर शाई सांडली. मांजराने सांडली, मार मी खाल्ला! लाँचच्या दोरखंडाने. आता नव्या फॉर्मसाठी परत मुंबईची खेप, म्हणून. मांजर चुलीपाशी बसून बघत होतं.

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये म्हणतात. इथे कोण ऐकतंय? तुळशीराम. तुळशीराम. तुळशीराम. घेतलं!

५ फेब्रुवारी

खांदा वर होत नाही. वेणी सासूबाईंनी घातली. काही विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

फॉर्म गेला एकदाचा. एडनच्या बंदरात लाँचचं इंजिन सांभाळायचं, इथे करतो तेच काम. तीन वर्षांचा करार. जेवताना सांगत होता — आता ठाण्यातून हवालदार येणार, घरात विचारणार, शेजारी विचारणार. माणूस कसा आहे, मारामाऱ्या करतो का, चालचलन कसं. एकाने जरी वाकडं सांगितलं तर पासपोर्ट नाही! एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. मी भात वाढत राहिले.

तीन वर्षं! तीन वर्षं माझी पाठ माझी. हात धुताना मला हसू येत होतं, तोंडावर पदर धरला.

२२ फेब्रुवारी

माहेरचा भिकूदादा आला होता. माझा खांदा बघून लाल झाला. "खरा काय ता सांग त्या पोलिसाला. जिरू दे त्याची." दादाची माया आहे, पण मार दादाने खाल्लेला नाही. खरं सांगितलं तर हा इथेच राहणार. आणि माझ्यामुळे पासपोर्ट गेला म्हणून मला जिवंत ठेवणार नाही. त्यापेक्षा मी त्याला देवमाणूस म्हणेन. जाऊ दे एकदाचा समुद्रापार!

८ मार्च

मिठागरातून यायला उशीर झाला. आल्या आल्या कानाखाली. मग डोकं दाराच्या चौकटीवर — दोनदा. डावा डोळा मिटलाय, उघडत नाही. ओठ फुटला आहे आणि हाताला मीठ तसंच होतं, पुसताना जीव गेला.

शेजारची मनुबाई कुंपणावरून ओरडली, "मेल्या, ठार मारतंस काय तिला!" तो बाहेर गेल्यावर मागच्या दाराने आली. म्हणाली, "येऊ दे तो हवालदार. मी समदा सांगन. तुझ्या पोटातला पोर लाथेनी गेला, ता पन सांगन."

मी तिचे पाय धरले. खरंच धरले. सांगू नको गं मावशी, तू बोललीस तर तो जाणार नाही. मनुबाईने मला उठवून बसवलं. मग डोळ्यावर हळद लावली. "बरा. गुनाचा हाय म्हनून सांगन. जीभ झडली तरी चालल."

त्या पोराचं मी या वहीत कधी लिहिलं नव्हतं. चौथा महिना होता. अजून वाईट वाटतं. रोज वाटतं.

१२ मार्च

हवालदार आला! ढेरपोट्या, घामाघूम, बरा माणूस. नवरा लाँचवर होता, सासूबाई दाराआड. हवालदाराने माझ्या डोळ्याकडे बघितलं.

"बाई, हे काय झालं?"

"मिठागरात बांधावरून पडले."

"नवरा मारझोड करतो?"

"आमचे हे? अहो, माझ्या पायात काटा गेला तर स्वतः बसून काढतात. मला ताप आला तर चुलीपाशी जातात. असा नवरा मागून मिळत नाही. एकवीरा आईची शपथ!"

एवढं छान खोटं मला बोलता येतं, माझं मलाच माहीत नव्हतं! थांबताच येईना. हवालदाराने सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाला, नशीबवान आहात. मनुबाईनेही शब्द पाळला. नंतर आपल्या अंगणात थुंकली मात्र.

३ एप्रिल

आमटीत मीठ जास्त. फुंकणीने. पाच. मी दात ओठ खाऊन मोजत होते आणि मनात म्हणत होते, मार, मार, थोडेच दिवस राहिलेत.

२६ एप्रिल

पासपोर्ट आला! पोस्टमनने सही घेऊन दिला. आतल्या फोटोत भोळा दिसतो. बोट मेच्या तेरा तारखेला. मी घावन केले, नारळाचं दूध काढलं, सासूबाईंना दोन जास्त वाढले. मनुबाई कुंपणावरून बघून डोळे पुसत होती.

३० एप्रिल

त्याला हवालदार भेटला, धक्क्यावर. मी काय काय बोलले ते सगळं त्याने सांगितलं. शब्दन्‌शब्द! हा दिवसाउजेडी घरी आला. प्यायलेला नाही. माझ्यासमोर बसला आणि रडायला लागला.

"सगुने, तू माझ्याबद्दल असा बोललीस? माझ्या आयशीनी पन असा कधी म्हटला न्हाय. तुला टाकून मी जायाचा न्हाय. बोट गेली तर जाऊ दे, एडनचा साहेब जुलैपर्यंत थांबतोय. तुजा पन पासपोर्ट काढू. दोघा जाऊ."

फॉर्म घेऊनच आला होता. मग माझ्या खांद्याला तेल लावलं, त्याच हातांनी. मी रडले, त्याला वाटलं आनंदाने.

मारापेक्षा हे भयंकर. तिकडे एक खोली, दार लावलं की संपलं. तिथे ओरडले तर कोण येणार? मनुबाई कुठली तिथे! स्वतःच्या तोंडाने केलं मी हे. माझा मला राग येतोय, इतका की भिंतीवर डोकं आपटावं.

१ मे

सही करत नव्हते. बोटं मुरगळली. केली.

२६ मे

आज माझी चौकशी. तोच हवालदार. सगळी आळी अंगणात जमली. हा त्याच्याशेजारी बसून सांगत होता — लक्षुमी हाय साहेब, आवाज न्हाय तिचा.

मी आतून मुसळ आणलं आणि नवऱ्याच्या डोक्यात घातलं. खाली पडला तेव्हा पुन्हा घातलं, खांद्यावर. उठायचा प्रयत्न केला, तेव्हा पुन्हा. मनुबाई ओरडली नाही. कोणीच ओरडलं नाही.

"आता लिहा," मी हवालदाराला म्हटलं. "सगुणा. नवऱ्याला मारते. चालचलन वाईट."

त्याने पेनाचं टोपण काढलं.