बाभळीचा दांडा

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी भांडले पुष्कळ, पण कागदावर आज पहिल्यांदाच लिहितेय. सून सासऱ्याला पत्र लिहिते का कुठं, असं तुमचा लेक म्हणेल. म्हणू दे. तो टेम्पो घेऊन नगरला गेलाय आणि शेडमध्ये मी एकटीच आहे. तुमच्या शेडमध्ये आता बैलगाडीची चाकं नसतात, मोटारसायकली उभ्या असतात. मी त्यांना लाकडाचे भाग करून बसवते. बाजूची झाकणं, मागचं मडगार्ड, टाकीवरची पट्टी, आणि सीटमागं बसणाऱ्यानं धरायचा दांडा. सुरुवात तुमच्या लेकाच्याच मोटारसायकलीपासून झाली. झाकण फुटलं, तसलं दुसरं मिळेना, म्हणून मी बाभळीचं कोरून बसवलं आणि काष्टीच्या बाजारात माणसं बैल बघायचं सोडून ते झाकण बघत उभी राहिली. कुणी केलं म्हणून विचारल्यावर हे म्हणाले, बायकोनं. लोक आधी हसले, मग एकेक करून गाड्या घेऊन यायला लागले.

तुम्ही मला शिकवलं असं कधी म्हणाला नाहीत. करवतीचं दुसरं टोक धरायला घरात कुणी नव्हतं म्हणून मला हाक मारलीत, एवढंच. पुढं एके दिवशी माझ्या हाताच्या मापाचा छोटा रंधा करून चुलीशेजारी ठेवून दिलात. हातात दिला नाहीत, बोललाही नाहीत. आणि ती खुंटी आठवते? जुवाला बसवायची खुंटी मी तासली होती, एका बाजूनं जरा चिरलेली. मी म्हणाले, चालतंय की. तुम्ही ती उचललीत, कधी नाही ते स्वयंपाकघरात आलात, खुंटी चुलीत घातलीत आणि म्हणालात, "आता हिच्यावर च्या ठेव. आन पिऊन सांग चालतंय का." तो चहा मी रडत प्यायले आणि मनात तुम्हाला शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. पण बाभळीच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलं होतं ते त्याहून सरळ होतं. "कच्च्या बाभळीत भुंगा बसल्याला आसतो, पोरी. एक पावसाळा पान्याखाली ठिवायची, बुडवून मारायचा त्याला. न्हाईतर आतून खातो आन वरनं कळत न्हाई." हे मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

भाद्रपदात एक सर आले. इकडच्याच हायस्कुलात शिकवतात. बायको दौंडला दवाखान्यात नर्स आहे, तिला रोज संध्याकाळी आणायला जातात. त्यांच्या वडलांकडं तुम्ही केलेली बैलगाडी होती, म्हणून मुद्दाम आपल्याकडं आले. सगळी मोटारसायकल लाकडानं सजवायची आणि दसऱ्याला पूजेला हवी, म्हणाले. बाकीचं लाकूड होतं माझ्याकडं. दांड्याला मात्र जन्मतःच वाकलेली फांदी लागते. कापून वाकण काढलं तर ते तुटतं, हे तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही मुरवून ठेवलेल्या तसल्या फांद्या मागंच संपल्या होत्या. बांधावरची एक बाभूळ उन्हाळ्यात पाडलेली होती. तिची फांदी मी हौदात टाकली आणि पंधराव्या दिवशी काढली. दसरा जवळ आला होता आणि मला नाही म्हणायचं नव्हतं. बाई आहे, जमलं नसेल, असं कुणी म्हणायला नको होतं. दांडा बघून सरांनी विचारलं, "लाकूड मुरलेलं आहे ना?" मी म्हणाले, "आबांनी मुरवल्यालं हाय. त्यांच्या हातचं शेवटचं."  सरांनी दांड्यावरून हात फिरवला आणि गाडी घेऊन गेले.

गेल्या मंगळवारी दुपारी मी शेड झाडत होते. फळीवर त्याच फांदीचा उरलेला तुकडा ठेवला होता आणि त्याच्याखाली पिवळ्या पिठाची बारीक रास पडलेली. आधी वाटलं, माझ्याच कामाचा भुसा असेल. बोट लावलं तर मैद्यासारखं मऊ. तुकडा उचलला तर हलका लागला. पटाशी टोचली, ती बोटभर आत गेली.  सरांना फोन लावला, उचलला नाही. चार वेळा लावला. तास चालू असेल. मग गाडी काढून हायस्कुलात गेले, तर शिपाई म्हणाला, "सर आज लवकरच गेले जनू. मॅडमला आनायला."

दौंडच्या रस्त्याला लागले आणि समोरून येणारी प्रत्येक मोटारसायकल बघत चालले. उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागून कोण येतंय ते दिसत नाही. ती बाई एका बाजूला पाय सोडून बसते. एका हातात पिशवी, दुसरा हात मागं दांड्यावर. हे मला ठाऊक आहे, कारण तिच्याच हाताच्या मापानं मी तो केलाय. गतिरोधकावर गाडी उडाली की सगळा भार त्या हातावर येणार आणि मागून ट्रॅक्टर. मी देवाचं नाव घेत नाहीये, तोंडात नुसतं "हळू चालवा, हळू चालवा" एवढंच चाललंय. एका चहाच्या टपरीजवळ ते दिसले. मी गाडी कडेला टाकली आणि दोन्ही हात वर करून रस्त्यातच उभी राहिले. सरांनी ब्रेक दाबला आणि मला कळलं की मी काय केलं. ब्रेक लागल्यावर ती दांडाच धरणार होती. तिनं धरला. तो कुरकुरला, पण राहिला.

"उतरा आधी," मी म्हणाले. दोघं उतरली. सरांनी दांडा दोन्ही हातांनी धरून नुसता दाबला, तर मधोमध मोडला आणि पीठ डांबरावर सांडलं. ती बाई आपल्या तळव्याकडं बघत राहिली. सर म्हणाले, "हे आबांचं लाकूड ना? आबांच्या लाकडाला भुंगा?" मी तोंड उघडलं होतं, आबा. खरं सांगायलाच उघडलं होतं. तेवढ्यात ती बाईच मऊ आवाजात म्हणाली, "म्हातारपणी नजर गेली असंल त्यांची." आणि मी म्हणाले, "व्हय. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्यांना." मग त्यांनी मला टपरीवर चहा पाजला. "तुम्ही एवढ्या धावत आलात, दुसरं कोण आलं असतं," असं ती चारदा म्हणाली. मी तो चहा गुमान प्यायले.

तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हे खरं आहे. पण तुम्ही नुसत्या अंगठ्यानं लाकूड ओळखत होता आणि आंधळेपणीही एक कच्चा तुकडा तुमच्या हातून गेला नाही, हेही खरं आहे. ते मी सोडून कुणी बघितलेलं नाही. सरांनी ही गोष्ट कौतुकानं सांगितली असणार, माझ्या कौतुकानं. शनिवारी बाजारात एक म्हातारबाबा भेटले, तुमची शेवटची बैलगाडी त्यांच्याकडंच आहे. म्हणाले, "सूनबाई, आमच्या गाडीची चाकं एकदा ठोकून बघशील का? लोकं काय काय बोलत्यात." मी गेले. चाक न् चाक ठोकलं. दगडासारखी आहेत. ते मान हलवत म्हणाले, "बरं झालं, आमची वाचली म्हनायची." म्हणजे बाकीच्या वाचल्या नसतील, असं त्यांनी धरलंच. मला त्यांचा राग आला. माझा यायला हवा होता.

सर काल येऊन गेले. नवी फांदी पाण्यात टाकलीय, पुढचा पावसाळा गेल्यावर दांडा बसवते, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, काही घाई नाही, तुमच्यावर विश्वास आहे. दहा मिनिटं बसले होते. सांगायला दहा मिनिटं पुष्कळ झाली, मी हवापाण्याचं बोलले. खरं सांगितलं तर कुणी माझ्याकडं गाडी आणणार नाही, आणि नाही सांगितलं तर तुमच्या नावावरचा डाग असाच राहणार, एवढं साधं आहे ते. आज सकाळी मी वही घेऊन बसले ती सरांनाच लिहायला. पहिल्या ओळीत "सर" लिहिलं, बराच वेळ त्याच्याकडं बघितलं, मग खोडलं आणि "आबा" लिहिलं. तुम्ही हे कुणाला सांगणार नाही, म्हणून.