काठमांडूच्या धारेवरची ओंजळ

कळमनुरी. मार्च १९७४, शुक्रवार.

नेपाळहून येऊन चार दिवस झाले. शाळेतले मास्तर रोज विचारतात, परदेश कसा वाटला? मी लुंबिनीचं सांगतो, बर्फाच्या डोंगरांचं सांगतो. शांताच्या ओंजळीचं मात्र सांगत नाही.

काठमांडूत भर दुपारी आम्हा नवराबायकोला तहान लागली. रस्त्याकडेला दगडी तोटीतून पाण्याची धार पडत होती, बायका घागरी भरत होत्या. शांता चार हात लांबच थांबली आणि ओंजळ धरून उभी राहिली. कुणीतरी वरून पाणी घालेल म्हणून. तिच्या माहेरी, साखऱ्याला, आमच्या माणसांना विहिरीवर असंच उभं राहावं लागायचं. पण काठमांडूत आम्हाला ओळखणारं होतं कोण? शेवटी एका म्हातारीनं हसत तिचा हात धरला आणि धारेखाली नेलं.

लॉजवर आल्यावर मी चिडलो. "काहून उभी राहिलीस तशी? बुद्धाच्या जन्मगावी जाऊन आलो ना आपण?"

"ध्यानातच न्हाई आलं," एवढंच म्हणाली आणि लुगड्याची घडी घालत बसली.

ती ओंजळ काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आज चहा पिताना तिला म्हणालो, मी तुला तसं बोलायला नको होतं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी माज्या मागंच उभे होता. तुमचे बी हात तसेच होते. तवा मी बोलले न्हाई."