गाडी आता थरथरत नाही

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? गॅरेज जावयाच्या ताब्यात दिल्यापासून तो जास्तच दुखतो, असं मामी फोनवर म्हणाली. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे बाबा जाऊन चार महिने झाले, तेवढं सोडून.

पत्रास कारण, बाबांची गाडी. ती अंगणातल्या पत्र्याखाली उभी असते. आईला गाडी येत नाही, पण किल्ली फिरवता येते. रोज संध्याकाळी ती आपल्या नेहमीच्या, बाबांच्या शेजारच्या सीटवर बसायची, हात लांबवून इंजिन चालू करायची, अर्धा तास तशीच बसायची आणि मग आत येऊन पोटभर जेवायची. आम्ही काही विचारत नव्हतो. पण गाडी जागच्या जागी अशी थरथरायची की आरशातला रस्ता नाचायचा, पुढचा कप्पा आपोआप उघडायचा आणि शेजारचे काका खिडकीतून डोळे वटारायचे.

आता मी पडलो तक्रार निवारण विभागातला माणूस. वीस वर्षांत मी कुणाची तक्रार निवारल्याचं ऐकिवात नाही (हे बाबांचं वाक्य), म्हणून ती हौस घरी भागवतो. घरी कुणाची तक्रार नसली तरी माझं काही अडत नाही. आईला न सांगता गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण तो आधी उघडतो आणि मग काय होतंय ते विचारतो. एक प्लग काजळीने भरलेला, त्यामुळे चारातला एक सिलिंडर कामचुकारपणा करत होता ("तुमच्या ऑफिसासारखंच साहेब, एक झोपला की बाकीचे हादरतात"). हवेचा फिल्टर तुंबलेला. आणि इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती पार चेपलेली, म्हणून प्रत्येक हादरा थेट माणसाच्या अंगात. प्लग आणि फिल्टर वेळेवर बदला, रबरावर लक्ष ठेवा, पुन्हा त्रास नाही, म्हणाला. नवी माउंटिंग शोधावीच लागली नाहीत. डिकीत न फोडलेला खोका होता, त्यावर तुमच्या अक्षरात 'भाऊजी, लगेच बसवा' आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख! बाबांच्या आळशीपणावर मी आणि सर्जन पोट धरून हसलो.

संध्याकाळी मी शाबासकीसाठी बोनेटपाशी उभा राहिलो. आईने किल्ली फिरवली आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "बंद पडली का रे?"

"नाही आई, चालूच आहे."

तिने हात उचलून पाहिला, परत ठेवला. "सिग्नलला थांबलो की त्यांचा हात इथे असायचा. त्यावर माझा. दोन्ही थरथरायचे." मग किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असो. बाकी क्षेम. काळजी नसावी. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. काळजी असावी. आज नववा दिवस, आई धड जेवत नाही. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर काल सांगून गेले. सर्जनला म्हटलं, बाबा रे, गाडी होती तशी बिघडवून दे. तो म्हणाला, "आजवर पुष्कळ बिघडवल्या, पण मुद्दाम कधी नाही." शेवटी मीच एका प्लगची वायर सैल केली. गाडी गदागदा हलली. आईला हाताला धरून आणून बसवलं. तिने दांड्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हे कुणी दुसरंच आहे," म्हणाली.

ता. क. २. जुनी माउंटिंग भंगारात गेली. भंगारवाल्याचा ढीग दोनदा उपसला, मिळाली नाहीत. तुमच्या गॅरेजात झिजलेली, चेपलेली, टाकून दिलेली असतील तर घेऊन स्वतः या, गुडघ्यासकट. इतकी वर्षं गाडी तुम्हीच तपासायचात; ती कशी थरथरायची, ते आईखेरीज आता फक्त तुमच्या हाताला ठाऊक आहे. नवी आणू नका. आणि बाबांना आळशी म्हणालो ते मागे घेतो. सहा वर्षं तो खोका त्यांनी न फोडता जपला होता. आईला मी तो अजून दाखवलेला नाही. एकट्याने दाखवायचं धाडस होत नाही.