इक्वेडोरच्या बाईची ओटी

आई, तू जिची ओटी भरायला निघाली होतीस, ती मातीची बाई आज आमच्या म्युझियममध्ये काचेमागे उभी राहिली. वीतभरही नाही, पण डोक्यावर केसांचा केवढा थाट, आणि हात छातीखाली धरलेले. दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरच्या समुद्राकाठी, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेली. मूल व्हावं म्हणून अशा मूर्ती करत असावेत म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही. तिची मोडलेली मान मीच जोडली होती.

तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. म्युझियममध्ये काम करणाऱ्यांनी आपापल्या घरच्यांना, जुन्या वस्तू जोडतो ते वर्कशॉप दाखवायचं होतं. तू हॅरोहून ट्रेनने आलेली, ठेवणीतल्या साडीवर जाडजूड कोट. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली, मूल नाही, आणि एजवेअरच्या मावशीपासून सगळे त्यावरून तुझं डोकं खातायत. मी कौतुकाने त्या बाईची माहिती सांगते आणि तू पर्स उघडतेस. कुंकवाची डबी, रुमालात बांधलेले तांदूळ. मी पटकन तुझा हात धरला.

"आई, अलाउड नाहीये ते! टच पण करायचं नाही."

"अगं, देवीच आहे ही. ओटी न भरता कशी जाऊ?"

शेवटी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, टिश्यूवर तांदूळ ठेवलेस आणि डोळे मिटलेस. माझी इंग्लिश बॉसही बिचारी मान खाली घालून उभी राहिली. मी मात्र आतून धुमसत होते. सगळ्यांसमोर माझ्यासाठी मूल मागतेय ही!

"काय मागितलंस?" मी जिन्यातच तुला गाठलं.

"तुझी नोकरी. कॉन्ट्रॅक्ट संपतंय ना? पर्मनंट कर म्हटलं."

"आणि मूल?"

"ते तुम्ही दोघं बघा. मला लेक हवी होती, ती मिळाली की."

मला रडूच फुटलं. तू म्हणालीस, कोटाची बटणं लाव, बाहेर गारठा आहे.

पुढे नोकरी पक्की झाली. मूल झालं नाही. आम्ही दोघं मजेत आहोत, भांडतो, फिरतो, रविवारी उशिरापर्यंत लोळतो.

हे पत्र पाठवणार तरी कुठे! पण एक गोष्ट तेव्हा तुला सांगितली नाही. तू यायच्या आधी, वर्कशॉपमध्ये कुणी नसताना, मीच तिच्यापुढे हात जोडले होते. मूल मागितलं होतं. तिने तुझं ऐकलं. थोडे दिवस रुसले होते तिच्यावर, आता नाही.